शिवलेलं पान

झाडं पाखरांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. भीमाकाकूंच्या अंगणात जास्वंदीशेजारी एक क्रोटन होता. पूजेची फुलं तोडताना काकू रोज पुटपुटायच्या, "हा नुसता पाला. उपटून शेवंती लावते." क्रोटनची मान खाली जायची.

एकदा पानं शिवून घरटं करणारी शिंपी पक्षीण आली.

"जास्वंदीवर जा गं," क्रोटन म्हणाला. "मला फूल येत नाही."

"तिथं रोज सकाळी हात फिरतो. तुझ्याकडे कुणी फिरकत नाही, तेच मला बरं," असं म्हणून ती पान शिवू लागली.

काही दिवसांनी काकू खरंच कुदळ घेऊन आल्या. खोडाला हात लागताच शिवलेल्या पानातून पिल्लांच्या उघड्या चोची वर आल्या. काकूंनी कुदळ हळूच बाजूला ठेवली.

संध्याकाळी त्या शेजारणीकडे गेल्या, क्रोटनची आणखी एक फांदी मागायला.