आधी कोणी चालायचं

कंत्राट मोठं असलं की कंत्राटदाराचा आवाजही मोठा होतो. जमिनीतले सुरुंग शोधायला पडद्यावर शिकवणारं यंत्र रायरीकरांना सैन्याला विकायचं होतं. कंत्राटाचा कागद हातात देत ते मेजर हेमांगी कदमबांडे यांना म्हणाले, "मॅडम, वरच्यांचा होकार आलाय. तुमची सही तेवढी राहिलीय."

मेजर त्यांना मैदानावर घेऊन गेल्या. त्या यंत्रावर शिकलेल्या जवानांनी सकाळीच तिथले सुरुंग काढून पांढऱ्या फिती लावलेली वाट केली होती.

"बघा, वाट मोकळी! एकही सुरुंग सुटलेला नाही," रायरीकर खुशीत म्हणाले.

"आमच्या पलटणीत रिवाज आहे," मेजर म्हणाल्या. "वाट मोकळी आहे असं जो सांगतो, तोच तिच्यावरून आधी चालतो. चला."

रायरीकरांनी फितींकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. पाय काही उचलला नाही. "हे माझं काम नाही," ते पुटपुटले.

मेजरनी सही न करताच कागद परत दिला.

"घाबरू नका. हे सरावाचं मैदान आहे, सुरुंगांत नुसती खडूची भुकटी भरलीय. पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि तुमच्याच यंत्राच्या भरवशावर तुमचं एक पाऊल पडलं नाही. माझी पोरं जिथे चालतात ना, तिथे खडू नसतो."