एका रात्रीत बांधलेला दरवाजा

हिरणगड या राजधानीच्या दिवाणांना एकदा रयतेचे सामान्यज्ञान तपासायची हुक्की आली. नापास होईल त्याने गाव सोडायचे, असे ठरले. बड्या घरांना उत्तरे आदल्या दिवशीच पोचली.

पाथरवटांच्या वस्तीतर्फे म्हातारी ठकूबाई उभी राहिली.

“महादरवाजा कोणी बांधला?” दिवाणांनी विचारले.

“माझ्या आज्यानं, सरकार. त्यात त्याची तीन बोटं गेली.”

“चूक! देवीने बांधला, एका रात्रीत. पोथीत लिहिले आहे.”

संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती वेशीबाहेरच्या माळावर गेली आणि तिच्या जागेवर दिवाणांची बाग आखली जाऊ लागली.

त्या पावसाळ्यात महादरवाजाची कमान खचली. दसऱ्याला महाराजांचा हत्ती तिच्याखालूनच निघायचा होता. दिवाण स्वतः माळावर आले आणि पहिल्यांदाच अहो-जाहो करीत म्हणाले, “ठकूबाई, चार दिवसांत कमान सावरून द्या.”

“आम्ही नापास माणसं, सरकार. पण तुमचं उत्तर आता पाठ झालंय. देवीलाच सांगा की! तिला एक रात्र पुरते.”

दिवाणांनी वस्तीची जागा परत दिली. कमान उभी राहिली. पुढच्या परीक्षेआधी पोथीतले उत्तरही सुधारण्यात आले: महादरवाजा कोणा अज्ञात कारागिरांनी बांधला.