तड्याच्या टोकाशी

एका चातुर्मासात मी जरा वेगळा नेम धरला होता. कांदा, लसूण, वांगे हे दरवर्षी सोडतेच. त्या वर्षी देवासमोर हात जोडून म्हटले, की कुणाविषयी मनात शंका आली, तर ती तिसऱ्या माणसाजवळ बोलायची नाही. नेम किती अवघड आहे हे आठवडाभरातच कळले. कांद्यावाचून पोहे घशाखाली उतरतात हो, पण ‘तिने असे का बरे केले असेल?’ हे जिभेवर आलेले वाक्य माघारी नेणे सोपे नाही. त्या दिवसांत एका गोष्टीने मला फार सोबत केली. तीच आज सांगते.

एक वृद्ध कारागीर डोंगराच्या पायथ्याशी गाड्या दुरुस्त करण्याचे छोटेसे गॅरेज चालवीत असत. सारे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. हात चांगला, मन थोडे हळवे. कामाला लागून बरीच वर्षे झाली तरी एखादे काम सर्वस्वी त्याच्या नावाने व्हावे, असा योग आला नव्हता.

एके दिवशी एक काजूचा व्यापारी आपली मिनी बाइक घेऊन आला. गुडघ्याएवढ्या उंचीची, पेट्रोलवर चालणारी ती चिमुकली गाडी. मोटरसायकल जिथे वळत नाही अशा झाडांमधल्या पायवाटांवरून तो तिच्यावर बसून बाग पाहत असे. पण चढ आला की तिचा जीव घाबरा होई. म्हणून व्यापाऱ्याने पाणी उपसायच्या मशीनचे एक मोठे इंजिन मिळवले होते, आणि तेच हिच्यात बसवून हवे होते. वस्तादांनी शिष्याकडे बोट केले आणि सांगितले, की हे काम याचे.

शिष्याने जीव ओतून काम केले. मोठे इंजिन मावावे म्हणून चौकटीचा पाइप कापून बाहेर वळवला, नवी बैठक जोडली, साखळी सरळ रेषेत आणली, वर लाल रंग दिला. वस्ताद स्टुलावर बसून पाहत. मधेच एकदा इतकेच म्हणाले, की इंजिन वाढले तरी त्याला धरणारा पाइप तोच आहे, लक्षात ठेव. शिष्याच्या मनाला ते लागले. पहिलेच काम, आणि त्यातही खोट काढायची!

चाचणीसाठी व्यापारी स्वतः बसला. समोरच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत गाडी हसत चढली आणि हसतच उतरली. व्यापारी खूश झाला. शिष्य चहा सांगायला निघाला तेव्हा तो त्याच्यासोबत चार पावले गेला आणि हळूच म्हणाला, “वस्तादांच्या सावलीत किती दिवस बसणार रे? माझ्या गोदामाशेजारची शेड रिकामी पडलीय. म्हाताऱ्याला काही तू मोठा झालेला बघवणार नाही.”

शिष्य चहा घेऊन परतला, आणि दारातच थबकला. व्यापारी आंब्याखाली फोनवर बोलत होता, आणि इकडे वस्ताद गाडीपाशी वाकले होते. हातात हातड्रिल. जमिनीवर लोखंडाचा ताजा कीस. शिष्याने जोडलेल्या पाइपला त्यांनी भोक पाडले होते.

त्याला पाहून वस्तादांनी ड्रिल फडक्यात गुंडाळले. व्यापारी आला तेव्हा शांतपणे म्हणाले, “शेठ, रंग अजून कच्चा आहे. गाडी दोन-चार दिवस राहू द्या.”

रंग केव्हाच वाळला होता. हे शिष्याला ठाऊक होते, आणि वस्तादांनाही.

आता सांगा, अशा वेळी कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? वस्ताद खोटे का बोलले? धडधाकट पाइपला भोक का? गाडी चढावर मोडली म्हणजे शेड गेली, नाव गेले, आणि पोरगे पुन्हा पाने-पकडी पुसायला मोकळे! त्या दिवसापासून वस्तादांच्या साध्या हालचालींनाही दुसरे अर्थ चिकटू लागले. त्यांनी पाना मागितला तर वाटे, आपल्याला हमाल समजतात. नाही मागितला तर वाटे, आपला हातही आता नकोसा झाला. गॅरेजची किल्ली ते खिशात ठेवीत, ती पूर्वीही तिथेच असे, पण आता ती लपवल्यासारखी दिसू लागली. शिष्याने बोलणे कामापुरते केले. वस्तादही गप्प झाले.

शेवटी त्याने ठरवले. भोकात लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरायची, वरून रंग मारायचा, सकाळी गाडी शेठच्या हवाली करायची आणि त्यांच्यासोबतच निघून जायचे. लांबी कालवूनही झाली. इतक्यात वस्तादांच्या पत्नीने, काकूंनी, जेवायला हाक मारली. रोज दुपारी तो त्यांच्याच घरी जेवत असे.

ताटावर बसला, पण भाकरी नुसतीच मोडत राहिला. काकूंनी विचारले तशी मनातले सारे बाहेर पडले. काकूंनी ऐकून घेतले. नवऱ्याची बाजू घेतली नाही की शिष्याचीही नाही. म्हणाल्या, “हे मला कशाला सांगतोस? भोक मी पाडलंय का? पाडणारे बाहेर बसलेत. जा, विचारून ये. भाकरी गार झाली तर दुसरी टाकीन.”

शिष्य उठला. वस्तादांसमोर उभा राहून त्याने कसेबसे विचारले, “वस्ताद, माझ्या कामाला तुम्ही भोक का पाडलंत?”

वस्तादांनी रॉकेलचा बोळा आणि खडूचा तुकडा त्याच्या हाती दिला आणि पाइपवरचा थोडा रंग खरवडायला सांगितले. शिष्याने रंग काढला, रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि वर खडू घासला. दोघे पाहत राहिले. हळूहळू आत मुरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. जोडाच्या कडेपासून निघालेली ती रेघ तिरपी वर गेली होती, आणि नेमकी त्या भोकापाशी येऊन संपली होती.

“चढावरून गाडी आली तेव्हा पाइपवर नख अडकलं माझं,” वस्ताद म्हणाले. “इंजिन मोठं, हादरा मोठा. तुझा जोड टिकला, त्याच्या शेजारचा पाइप तडकला. तड्याचं टोक सुईसारखं असतं बाळा, हादऱ्यागणिक पुढे सरकतं. टोकाशी गोल भोक पाडलं की ते बोथट होतं. तिथेच थांबतं.”

“मग रंगाचं खोटं का सांगितलंत?”

“शेठसमोर तडा दाखवला असता तर त्यांनी पुन्हा कधी तुझ्या हातात काम दिलं असतं का? पण तुला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. तू तोंड फिरवलंस, मग मीही अडून बसलो. म्हातारपणी मान असा आडवा येतो.” मग ते म्हणाले, “तुझ्या मनातही असाच तडा चालला होता. एक हादरा कुणीतरी बाहेरून दिला असेल, एक माझ्या गप्प बसण्याने बसला. विचारलंस, तिथे तो थांबला. पण थांबला म्हणजे सांधला नव्हे. तिथे पट्टी जोडावी लागेल. ये, मी धरतो, तू जोड.”

त्या दुपारी दोघांनी मिळून पाइपला जाड पट्टी जोडली. कालवलेली लांबी तशीच वाळून गेली.

सकाळी व्यापारी आला. पट्टी दिसताच त्याचे डोळे बारीक झाले. हे काय, म्हणून त्याने विचारले. वस्ताद काही बोलणार, एवढ्यात शिष्यच पुढे झाला. पाइप तडकला होता हे त्याने सांगितले, चूक आपली हेही सांगितले, आणि वस्तादांनी भोक पाडले नसते तर गाडी चढावरच दुभंगली असती, असेही सांगितले.

व्यापारी बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिला. मग गाडीवर बसता बसता म्हणाला, “शेडचं मी बोललो होतो...”

“आठवतंय, शेठ,” शिष्य म्हणाला. “पण तेव्हा माझ्या कानात बोललात. आता वस्तादांसमोर बोला.”

व्यापारी ओशाळला. स्टुलावरून वस्ताद म्हणाले, “बोला शेठ. जागा चांगली असेल तर मीच याला आणून सोडेन.”

बाई-माणसांनो, आपल्याही मनात कुणाविषयी अशी एक केसाएवढी रेघ असेल. जावेविषयी, भावाविषयी, शेजारणीविषयी. देव करो आणि ती तेवढीच राहो. पण ती आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नका. वरून रंग मारू नका. एवढे माझे ऐका, आज दिवेलागणीच्या आत त्या माणसाकडे जा, समोर बसा, आणि विचारा.