दोन्ही बाजूंना एकेक मूठ

“आणि मूठ म्हणजे किती मिलिमीटर, अप्पा?”

सुधाकर हसत होता. सुतारकी तो अप्पांकडे शिकला. मग शहरात कोर्स केला, पहिला आला.

अप्पा कारखान्याच्या दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत बसले होते. पाय गेल्याला सात महिने झाले. दार अरुंद, आणि कुणी उचलून आत नेलेलं त्यांना चालत नव्हतं.

आज नवी चौकट बसायची होती. उंबरा कालच काढला होता.

अप्पांनी फळीवर माप लिहिलं होतं. उंची साडेसहा फूट. प्लाय अठरा एमएम. फट दोन सूत, म्हणजे पाव इंच. रुंदी : खुर्ची सव्वीस इंच, दोन्ही बाजूंना एकेक मूठ.

“फूट, एमएम, सूत. तीन गावचे पाहुणे एका पंगतीत!” सुधाकर म्हणाला. “आणि वर मूठ. हे काय माप झालं?”

“माझं आहे.”

“टेपवर नाही ते.”

“टेप जाणार आहे का आत?”

“मी सगळं मिलिमीटरमध्ये घेतलंय. खुर्ची सहाशे साठ, दार सहाशे ऐंशी. खुर्ची घासणार नाही, लिहून देतो.”

“आणि मूठ?”

“सोडली.”

“सांगितलं तसं कर.”

“मग चौकट दुसऱ्याकडून बसवा.”

अप्पांनी मापाची फळी बाजूला ठेवली.

“बसव,” ते म्हणाले.

दुपारी चौकट बसली. सुधाकरने टेप लावला. सहाशे ऐंशी, तंतोतंत.

तो खुर्ची ढकलायला मागे गेला.

“हात काढ.”

अप्पांनी दोन्ही चाकं धरली. खुर्ची दारात शिरली. कुठे घासली नाही. सुधाकरचा चेहरा उजळला.

पण चाकं फिरवणारे हात चाकांच्या बाहेर होते. चौकटीच्या कडांनी बोटांची पेरं सोलली.

“अप्पा, थांबा!”

अप्पा थांबले नाहीत. दात आवळून त्यांनी आणखी एक रेटा दिला आणि आत गेले. थेट रंध्यापाशी. त्यावरची धूळ तळहाताने पुसली.

चौकटीच्या दोन्ही कडांवर लाल रेघ होती.

“चुकलो, अप्पा… काढतो चौकट.”

“आधी टेप घे.”

“कशाला?”

अप्पांनी रक्ताळलेली मूठ त्याच्यासमोर धरली.

“आता सांग. किती मिलिमीटर?”