मागे ठेवलेली उंबरी

फार फार वर्षांपूर्वी आपल्या करंजपाड्यात नांगर नव्हता, शेत नव्हतं, अहो, पाडासुद्धा नव्हता. माणसं टोळीनं हिंडायची. कंद उकरायची, मध काढायची, रानातली वरई ओरबाडून आणायची. इथलं संपलं की उठायचं आणि पुढं चालू लागायचं. पावसाळ्याआधी टोळी डोंगरावरच्या गुहांकडे जाई.

आणि ज्याला चालता येत नाही त्याचं काय? त्याला मागे ठेवायचं. हो, जिवंत माणसाला! शेजारी मूठभर वरई ठेवायची, पाया पडायचं आणि वळून न बघता निघायचं. पाऊस सरल्यावर परत येऊन हाडं पुरायची, वर एक धोंडा ठेवायचा. हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, पण तेव्हा तशीच रीत होती, असं म्हणतात.

एका वर्षी उंबरी नावाची म्हातारी मध काढताना झाडावरून पडली आणि तिचा पाय मोडला. टोळी निघाली तेव्हा तिची लेक बोरकी, हिनंच रडत रडत आईपुढे मूठ ठेवली. चार पावलं गेली आणि राहवेना म्हणून तिनं मागे बघितलं. बघते तर काय, म्हातारी ती वरई वळवानं भिजलेल्या मातीत फेकत होती!

बोरकी किंचाळली, "आये, येडी झालीस का? खायाचं मातीत टाकतीस?"

"जल्मभर चालतच व्हते," उंबरी म्हणाली. "सांडल्या दान्याला कोंब येतो, येवढं बगितलंय. फुडं त्याचं काय व्हतं, ते बगाया कदी थांबलेच न्हाई. आता बसून बगते."

टोळी हादरली. पोरं उपाशी असताना अन्न मातीत! म्हातारीला झाड लागलंय, भुतानं धरलंय, असं म्हणून त्यांनी बोरकीला ओढतच नेलं.

चार महिने उंबरीनं काय खाल्लं? हरणी येऊन तिला दूध पाजायची, असं म्हणतात. वाघ राखणीला बसायचा, असंही म्हणतात. मला विचाराल तर तिनं रांगत रांगत ओढ्यातले खेकडेच धरून खाल्ले असतील. पण त्या एका मुठीतून अख्खा माळ पिकला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

पाऊस सरला. बोरकी सगळ्यांच्या पुढे चालत आली, आईसाठी निवडलेला धोंडा डोक्यावर घेऊन. माळावर पोचली आणि जागीच थिजली. कमरेएवढी वरई डोलत होती आणि मधे बसून आई काठीनं पाखरं हाकत होती. धोंडा धाडकन खाली पडला. आता आई तोंडसुद्धा बघणार नाही आपलं, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उंबरी एवढंच म्हणाली, "पाय जपून टाक गं, लोंब्या मोडतील. ये, हिकडून ये."

टोळी त्या माळावरून पुन्हा कधी उठली नाही.

आजही पेरणीला पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाला पाठीवर घेऊन शेतात नेतात. उंबरीच्या नावानं पहिली मूठ त्यानं टाकायची. गेल्या साली पाड्यातली सगळ्यात म्हातारी बुधीबाई तालुक्याच्या दवाखान्यात होती. आभाळ भरून आलं होतं, बियाणं तयार होतं, तरी सगळा पाडा तीन दिवस नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी सून तिला पाठीवर घेऊन बांधावर आली. अजून न पेरलेली शेतं बघून बुधीबाई चकितच झाली.

"माज्यासाटी थांबलात व्हय रं?" ती म्हणाली.