झटक्याची वाट

“पण मला आनंद का झाला, सर?”

निशिकांतने हे तिसऱ्यांदा विचारलं. टिळेकर सर अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निशिकांत सरंजामे हा त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आता मेंदूचा मोठा डॉक्टर. अर्धशिशीवर संशोधन करायचा. झटका कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून रुग्णांच्या संमतीने तो त्यांना शिरेतून औषध द्यायचा, मुद्दाम झटका आणायचा आणि तो मेंदूत कुठून उठतो ते यंत्रावर पाहायचा. परिषदांतून ताठ मानेने हेच सांगत फिरायचा.

या मंगळवारी प्रयोगासाठी सुलोचना घाडगे आल्या होत्या, शिवणकाम शिकवणाऱ्या. औषध दिल्यावर चार तास काहीच झालं नाही. निशिकांत घड्याळ बघून कंटाळला. मग बाईंनी डावा डोळा तळव्याने दाबून धरला. झटका अगदी पहिल्या क्षणापासून टिपला गेला, आणि निशिकांतने खुशीत टेबलावर थाप मारली. त्या आवाजानेच बाई कळवळल्या. त्यांनी आराम पडायचं औषध मागितलं. नियमाप्रमाणे ते मागताक्षणी द्यायचं. तो म्हणाला, अजून वीस मिनिटं.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं.

“बाई रागावल्या?” सरांनी विचारलं.

“नाही. जाताना म्हणाल्या, माझ्या मुलीचंही असंच दुखतं. सापडलं का काही?”

“मग?”

“मला त्यांच्याकडे बघवेना...”

सर सोलत राहिले. निशिकांत उठला, अंगणभर येरझारा घालून परत आला. खिशातून त्याने कागद काढला. प्रयोग कायमचा बंद करत असल्याचं पत्र. खाली सही.

सरांनी ते सावकाश वाचलं. मग त्याचाच पुडा वळला, मूठभर दाणे भरले आणि निशिकांतच्या हातात दिला.

“आज बंद केलंस, तर त्या बाईंचं डोकं उगाच दुखलं.”

निशिकांतने पुड्यातला एक दाणा तोंडात टाकला.

“म्हणजे चालू ठेवू?” त्याचा श्वास मोकळा झाला. “अगदी बिनघोर?”

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

“बिनघोर वाटेल, त्या दिवशी बंद कर.”