भर धारेतला मुजरा

देवनळला पुराने वेढलं. माणसं छपरांवर अडकली होती. शेजारच्या राज्याने मदतीला नावाडी धाडले, पण सेनापती व्याघ्रोजीराव काठावरच अडून बसले. "परके असोत की कोतवालीचे, माझ्या प्रत्येक हुकमाला आधी उभ्याने मुजरा, मग काम."

वाद घालायला वेळ नव्हता. कोतवाल गिरमाजीपंतांनी नावाड्यांना तसं बजावलं आणि सेनापतींनाच पहिल्या नावेत बसवलं; स्वतःही मागोमाग चढले.

भर धारेत सेनापती गरजले, "डावीकडे घ्या."

नावाड्यांनी वल्ही सोडली आणि उठून मुजरा केला. नाव गर्रकन फिरली. सेनापती पांढरेफटक पडले. "अरे, वल्ही धरा!"

नावाडी पुन्हा मुजऱ्याला वाकले.

"आता हे काय?"

नावेची कड घट्ट धरून गिरमाजीपंत म्हणाले, "सरकार, हाही हुकूमच झाला. आधी याचा मुजरा होऊ द्या."